दोन नंबरचं दुखणं

आमच्या घराण्यात दुखण्यांनाही ज्येष्ठताक्रम आहे. सर्वांत वर थोरल्या वहिनींची अर्धशिशी. ती उठली की वरच्या मजल्यावर पडदे ओढले जातात, मिक्सरला सुट्टी मिळते, दादा स्वतःच्याच घरात चवड्यांवर चालतो आणि कुणाचा फोन आला तर ‘नंतर करतो’ एवढंच कुजबुजतो. एकदा वहिनींना त्या कुजबुजण्याचाही त्रास झाला. तेव्हापासून तो फोनवर नुसती मान हलवतो. त्याखालोखाल आईचे गुडघे. पाऊस आणि पाहुणे या दोहोंची वर्दी ते आदल्या दिवशी देतात, त्यामुळे त्यांचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नाही. मग दादाचं ब्लडप्रेशर, आमच्या हिची कंबर, चिरंजीवांची ॲसिडिटी. या सगळ्यांची वाटणी होऊन जो काही मान उरतो, तो माझ्या डोकेदुखीला मिळतो. आजवर कधी उरलेला नाही.

तसा दोष माझ्या डोक्याचाच. त्याला धड दुखताही येत नाही. वहिनींचं डोकं एका बाजूने ठणकतं, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही. बघणाऱ्याला बघण्यासारखं काही तरी असतं. माझं दोन्ही बाजूंनी, कपाळापासून मानेपर्यंत, कुणी तरी आवळून धरल्यासारखं दुखतं आणि तेवढ्यावरच थांबतं. दुखत असताना मी जेवतो, पेपर वाचतो, ऑफिसात ताळेबंद जुळवतो आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला तर आणखी एक जिलबी घेतो. ‘एवढं दुखतंय तर जिलबी कशी गेली?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. साहेबांना सांगून पाहिलं, ‘सर, जरा डोकं दुखतंय.’ साहेब स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, ‘माझंही.’ विषय संपला.

खरी अडचण हीच आहे, की ते सगळ्यांचंच दुखतं. डॉक्टर जिला टेन्शन हेडेक म्हणतात ती माझी डोकेदुखी जगात सर्वांत जास्त आढळणारी आहे. रोगांच्या जागतिक मोजदादीत २०१६ साली आम्हा मंडळींचा आकडा १८९ कोटींच्या घरात निघाला, मायग्रेनवाल्यांचा १०४ कोटींच्या. म्हणजे बहुमत आमचं आणि पडदे मात्र त्यांच्यासाठी ओढायचे.

डोकेदुख्यांचंही सरकारी थाटाचं वर्गीकरण असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. इंटरनॅशनल हेडेक सोसायटी नावाची संस्था ते करते. (सोसायटी म्हटली की डोकेदुखी आलीच, हे आमच्या इमारतीतलं शेंबडं पोरही सांगेल.) या सोसायटीने १९८८ साली जगातल्या यच्चयावत डोकेदुख्यांना क्रमांक देऊन टाकले, हल्ली चालते ती २०१८ची तिसरी आवृत्ती. त्यात क्रमांक एक मायग्रेनचा. आमचा दोन. तिथेही वहिनी पुढेच.

या दोन नंबरची व्याख्या म्हणजे नुसती नकारघंटा आहे. एका बाजूची नाही. ठणकणारी नाही. तीव्र नाही. मळमळ नको, उलटी नको. उजेड आणि आवाज यांपैकी फार तर एकाचा त्रास चालेल. दोन्हींचा व्हायला लागला तर तुम्ही आमचे नव्हेत, दुसरीकडे चौकशी करा. मुदत मात्र ऐसपैस, अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत. आणि पुढे एक कलम असं, की चालणं, जिना चढणं अशा रोजच्या हालचालींनी ही डोकेदुखी वाढत नाही.

हे कलम ही माझ्या खांद्यावरून वाचत होती.

चार लक्षणांपैकी कुठलीही दोन जुळली तरी पुरे, जिन्याचं कलम सक्तीचं नाही, असा खुलासा मी लगेच केला. पण कायद्याचा अर्थ लावायचा अधिकार आमच्या घरात माझ्याकडे नाही. माझं डोकं दुखायला लागलं की आता घरातली जिन्याची कामं निघतात. गच्चीवरचे कपडे, वहिनींना पोचवायचा डबा, कोपऱ्यावरच्या गिरणीतलं दळण. ‘जिना चढल्याने वाढत नाही ना? मग येता येता कोथिंबीरही आणा. आणि जुडी बघून घ्या.’

याच पुस्तकात पुणेकरांनी चौकट करून भिंतीला लावावं असंही एक कलम आहे. ४.६.१ : डोक्यावर बाहेरून दाब आल्याने होणारी डोकेदुखी. कारणं : घट्ट टोपी, पोहण्याचा चष्मा आणि हेल्मेट. हेल्मेटसक्तीविरुद्ध इतकी वर्षं भांडणाऱ्या आमच्या शहराच्या हाती हा कागद अजून कसा लागला नाही, कोण जाणे. (लागू नये. दुखणारं डोकं फुटलेल्या डोक्यापेक्षा बरं, आणि हेल्मेट मापाचं असलं की दुखतही नाही.) त्याला लागूनच ४.६.२ : केस ओढले गेल्याने होणारी. आजी माझ्या बहिणीच्या वेण्या इतक्या करकचून घालायची की पोरीच्या भुवया शाळा सुटेपर्यंत आश्चर्यचकित असायच्या. ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की ‘अभ्यास नको, म्हणून दुखतंय’ हे निदान ठरलेलं. आपल्याला शाळेची दहा वर्षं ४.६.२ होती हे बहिणीला आता कळलं, तेव्हा तिने मला फोनवर सोसायटीचा पत्ता विचारला. आजी असती तर तिला पत्रच दाखवायचं होतं म्हणे.

पण आपल्याकडे या क्रमांकांना विचारतो कोण? ‘डोकं दुखतंय’ म्हणायचा अवकाश, घरात निदानांचा पाऊस पडतो. पित्ताचा मान पहिला. महाराष्ट्रात पित्ताने न झालेलं दुखणं अजून सापडायचं आहे. वहिनींना उलटी होऊन डोकं उतरलं की ‘पित्त पडलं’ म्हणून सगळे सुस्कारा सोडतात. उलटी हा मायग्रेनचाच एक भाग, हे कुणाला पटत नाही. माझं पित्त पडत नाही, त्याअर्थी ते आत साठत असणार, असा आईचा बिनतोड युक्तिवाद आहे, आणि त्यापायी तिने मला आजवर पिंपभर कोकम सरबत पाजलं आहे. त्याने डोकं राहत नाही. पण आईच्या हातचं कोकम सरबत छान असतं, म्हणून मी तिच्या शास्त्राला आव्हान देत नाही. चष्म्याच्या दुकानदाराला यात नंबर दिसतो. नंबर चुकलेला असेल तर डोकं दुखूही शकतं. पण आमच्या बाबतीत दर वेळी नंबर तोच निघतो आणि फ्रेम बदलते. शेजारच्या काकांना सगळीकडे सायनस दिसतो. दादाला अर्थातच बीपी. साधारण वाढलेल्या रक्तदाबाने डोकं दुखत नाही, एकदम फार भडकला तर गोष्ट वेगळी, असं ती सोसायटी म्हणते, हे मी दादाला सांगितलं. ऐकून त्याचं बीपी वाढलं. उरलीसुरली शंका दृष्टीची. मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका आला नाही तर दृष्ट होती, उतरली. ठसका आला तर सगळं घर अर्धा तास खोकतं आणि माझं डोकं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तर दोन वाक्यांत निकाल लावला. ‘काही नाहीये. टेन्शन घेऊ नका.’ टेन्शन घ्यायचं नाही हे आपल्याला जमत नाही, याचं एक नवंकोरं टेन्शन घेऊन मी घरी आलो.

शेवटी एका न्यूरोलॉजिस्ट बाईंकडे गेलो. ही बरोबर होतीच. बाईंनी एमआरआय लिहून दिला नाही, याचं मला मनातून वाईट वाटलं. एमआरआय झाला असता तर घरात जरा वजन वाढलं असतं. ‘करायचा असतो तेव्हा मी एक मिनिट थांबत नाही,’ बाई म्हणाल्या, आणि केव्हा ते बोटांवर मोजून दाखवलं : आयुष्यात कधी दुखलं नाही असं भयंकर, क्षणात सुरू झालेलं दुखणं, सोबत ताप आणि मान आखडणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, नजरेत फरक, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्‌भवलेलं. यातलं काही असेल तर बाम चोळत घरी बसायचं नाही. माझं डोकं कॉलेजच्या परीक्षांपासून दुखतंय आणि त्याच चालीवर दुखतंय, तेव्हा तो प्रश्न मिटला.

मग बाईंनी अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. कानशिलं. जबड्याचा कोपरा. कवटीच्या तळाशी मान सुरू होते ती खोबण. शेवटी मान आणि खांदा यांमधला तो मांसल भाग, जिथे बॅगेचा पट्टा बसतो. तिथे मी असा ओरडलो की बाहेर बसलेला एक पेशंट चपला घालून निघून गेला, असं ही सांगते.

मेंदूला स्वतःला दुखतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. जागं असलेल्या माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते ती त्यामुळेच. दुखतं ते त्याच्या आवरणांना, तिथल्या रक्तवाहिन्यांना, कवटीवरच्या आणि मानेच्या स्नायूंना. थोडक्यात, ‘डोक्याचा भुगा झाला’ असं आपण कळवळून सांगतो तेव्हा भुग्याला त्याचा पत्ताच नसतो. मग माझं नेमकं काय दुखतं? यावर शास्त्रज्ञांचाही बराच काळ गोंधळ होता. १९६२ साली अमेरिकेतल्या एका समितीने या दुखण्याचं सरळ ‘स्नायूंच्या आकुंचनाची डोकेदुखी’ असं बारसं केलं. पुढे स्नायूंना इलेक्ट्रोड लावून पाहिलं तर हिशोब जमेना. कुणाचे स्नायू आखडलेले आणि डोकं ठणठणीत, कुणाचे सैल आणि डोकं दुखतंय. ताळेबंद न जुळण्याचं दुःख काय असतं ते मी जाणतो.

हल्ली मानतात ते असं. दबलेल्या, हुळहुळत्या स्नायूंमधून वेदनेच्या बारीकसारीक तक्रारी वर जात असतात. अधूनमधून डोकं दुखणाऱ्यांचं प्रकरण बहुतेक तिथेच मिटतं. पण महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर मज्जारज्जू आणि मेंदूतली वेदनेची यंत्रणाच हळवी होऊन बसते. आमच्या इमारतीतून एकदा सायकल चोरीला गेली, तेव्हापासून वॉचमन मांजर आलं तरी शिट्टी फुंकतो, त्यातलाच प्रकार. चोर नसतो, पण शिट्टीने झोपमोड व्हायची ती होतेच.

माझी केस त्या थराला गेलेली नव्हती. मी २.२ निघालो, ‘वारंवार’, महिन्याला एक ते चौदा दिवसवाल्यांतला. ऑफिसमधला एक सहकारी मात्र पक्का २.३, म्हणजे जुनाट. त्याला मीच या बाईंकडे धाडलं. बाईंनी त्याला ॲमिट्रिप्टिलिन दिली, रात्री झोपताना, अगदी थोड्या मात्रेत. ही मुळात डिप्रेशनची गोळी, १९६१ पासून बाजारात असलेली. पण लहान डोसात ती वेदनेच्या त्या हळव्या यंत्रणेला आवरते, म्हणून अशा जुनाट डोकेदुखीला वर्षानुवर्षं देत आले आहेत. सहकाऱ्याच्या मेव्हण्याने गोळीचं नाव मोबाइलवर टाकून पाहिलं आणि तासाभरात सासुरवाडीला कळलं, की जावईबापू डिप्रेशनमध्ये आहेत. दुसऱ्या दिवशी सासूबाई हापूसची पेटी घेऊन दारात. तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, वजन वाढू शकतं, असे त्या गोळीचे दुष्परिणाम बाईंनी आधीच सांगितले होते. पेटीचं बोलल्या नव्हत्या.

मला गोळीऐवजी मिळाली फिजिओथेरपी. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. तिने मला खुर्चीत बसवलं, दोन पावलं मागे गेली आणि म्हणाली, ‘काका, खांदे कानांना का लावलेत?’

मी म्हटलं, ‘ते तिथेच असतात.’

‘नसतात काका. सोडा खाली.’

खांदे खाली सोडता येतात ही मला बातमी होती. सोडले. पाच मिनिटांनी ते आपले आपण परत वर गेले, आणि मुलीने पुन्हा खाली आणले. मार्च एंड, साहेबांचा फोन, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलणं, या प्रत्येक प्रसंगी माझे खांदे कानांशी काही तरी खलबत करायला जातात, हे आता मला दिसायला लागलं आहे. त्यानंतर हनुवटीचा व्यायाम. ‘मान न वाकवता हनुवटी मागे घ्यायची. डबल चिन येईल एवढी.’ मी म्हटलं, ती माझ्याकडे तयार आहे. ती हसली नाही. तिला हे रोज कुणी ना कुणी म्हणत असणार.

तिच्या भिंतीवर एक तक्ता होता. २०१४ साली न्यूयॉर्कमधल्या केनेथ हंसराज नावाच्या सर्जनने गणिती मॉडेलवरून काढलेले आकडे. मान ताठ असेल तर तिच्यावर डोक्याचं ओझं साधारण पाच किलो. तीच मान साठ अंशांत मोबाइलमध्ये खुपसली, तर मणक्यावर येणारा भार सत्तावीस किलो. प्रत्यक्ष माणसांवर हे मोजलेलं नाही, अशी कुरकुर काही तज्ज्ञ करतात, पण पोरांना धाक घालायला तेवढा तक्ता पुरेसा आहे. मी त्याचा फोटो काढून चिरंजीवांना पाठवला. चिरंजीवांनी तो साठ अंशांत वाचला आणि अंगठा दाखवला.

बाकीची कारणं इतकी क्षुल्लक आहेत की डॉक्टरांना फी देऊन ती ऐकताना जिवावर येतं. अपुरी झोप, चुकलेलं जेवण, प्यायचं राहिलेलं पाणी. संकष्टीचंच घ्या. आमच्याकडे ती कडक असते. सकाळच्या चहानंतर थेट चंद्र. दुपारी चारच्या सुमाराला माझं कपाळ आवळायला लागतं. साताला मोदकांचा वास सुटतो. त्यात श्रावणातली संकष्टी असली तर बघायला नको. कालनिर्णयात पुण्याचा चंद्रोदय नऊ-सव्वानऊचा छापलेला असतो आणि गच्चीवरून सगळीकडे नुसते ढग. मी वर जाऊन बघायचं (जिना, कलम आठवा), खाली येऊन ‘नाही’ म्हणायचं, पुन्हा वर. शेवटी आई निकाल देते, ‘अरे, कालनिर्णयात वेळ झाली ना? मग उगवला तो. वाढ गं पानं.’ किमान आठ तासांच्या उपाशीपणाने येणाऱ्या या डोकेदुखीलाही सोसायटीने क्रमांक दिलाय, १०.५. जेवल्यावर बहात्तर तासांत थांबते म्हणतात. माझी तिसऱ्या मोदकाला थांबते.

रविवारचं डोकं वेगळं. ते दहा वाजता, भरपूर झोप झाल्यावर दुखतं, म्हणून त्याचा राग जास्त येतो. त्याचा उलगडा चहात होता. शनिवारी शेवटचा कप संध्याकाळी सहाला, रविवारी पहिला दहानंतर. मधे सोळा तास. कॅफिनची सवय असलेल्याचं डोकं शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत कुरकुरायला लागतं. गंमत म्हणजे हेच कॅफिन वेदनाशामकाला थोडा हात देतं, म्हणून डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत ते घातलेलंच असतं. तेव्हा गोळी चहाबरोबर गिळणारे आमचे तीर्थरूप अगदीच अडाणी नव्हते. शनिवारी रात्री एक कप घेऊन पाहावा, असा उपाय मी सुचवला. रात्रभर छताकडे बघत पडलो आणि सकाळी अपुऱ्या झोपेने डोकं दुखलं.

आईचा मात्र न्यूरोलॉजिस्ट बाईंवर विश्वास नाही. कपाळाला लावायला काही देत नाही ती कसली डॉक्टर, हा तिचा सवाल. आईचं शास्त्र सहाणेपासून सुरू होतं. सुंठेचं कुडं, चार थेंब पाणी, आणि गंधासारखं दाट उगाळायचं. लेप गरम करून कपाळभर थापायचा, वरून जुन्या लुगड्याची पट्टी आवळायची. लेप वाळताना कातडी अशी ओढते आणि अशी चुरचुरते की डोकं दुखत होतं याची आठवणही राहत नाही. या अवतारात मी एकदा दार उघडलं तर कुरिअरचा मुलगा पाकीट देऊन सही न घेताच खाली धावला.

सुंठ नसली तर अमृतांजन. ही पिवळी बाटली मद्रासची असं आपण समजतो, पण तिचा जन्म १८९३ साली आपल्या मुंबईत झाला. काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी ती काढली आणि तिच्या कमाईच्या बळावर ‘आंध्र पत्रिका’ चालवली, स्वातंत्र्यलढ्यात पडले. लोकांची डोकेदुखी उतरवून मिळालेल्या पैशांत इंग्रजांची वाढवली. मुंबई-पुणे करणाऱ्या माणसाला मात्र अमृतांजन म्हटल्यावर बाटलीआधी खंडाळ्याच्या घाटातला पूल आठवतो. १८३० साली इंग्रजांनी बांधलेला. पुढे त्यावर या बामची जाहिरात लागली आणि पुलाला तेच नाव पडलं. एक्स्प्रेसवे झाल्यावर पुलाच्या खांबांमधून जाताना गाड्यांची अशी कोंडी व्हायची की नाव ठेवणाऱ्याच्या दूरदृष्टीला हात जोडावेत. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीने रस्ता ओस पडलेला असताना, तो पाडला. पूल गेला, नाव राहिलं. कोंडीही राहिली.

बामामागचं विज्ञान मी आईला मुद्दाम समजावून सांगितलं. हार्टमुट गोबेल या जर्मन डॉक्टरांनी १९९६ साली आमच्याच दोन नंबरवाल्यांच्या कपाळाला आणि कानशिलांना पेपरमिंटच्या तेलाचं दहा टक्के द्रावण लावून पाहिलं, आणि त्याचा गुण पॅरासिटॅमॉलच्या हजार मिलिग्रॅमच्या तोडीचा निघाला. त्या तेलातलं मुख्य द्रव्य मेन्थॉल, जे आपल्याकडच्या बामांत असतं. मेन्थॉलमुळे कातडीला गार कसं वाटतं, मिरचीने आग कशी होते, याची गुपितं उलगडल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेलमधला वाटा मिळाला.

आई शांतपणे ऐकत होती. ‘बाम लावल्यावर गार वाटतं म्हणून?’

‘हो. म्हणजे, का वाटतं ते शोधलं म्हणून.’

‘आणि मिरची खाल्ल्यावर आग होते म्हणून?’

‘हो.’

‘कितीचं असतं रे ते बक्षीस?’ आईने विचारलं. आकडा ऐकल्यावर तिने सहाण धुऊन पालथी घातली आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही.

गोळ्यांच्या बाबतीत न्यूरोलॉजिस्ट बाई कडक. कधीमधी दुखलं तर पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन खुशाल घ्या, वेळेवर घ्या, पण दिवस मोजून. साधी वेदनाशामकं महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त, दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या दहा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. मला लगेच सायनसवाले काका आठवले. शर्टाच्या खिशात चष्मा, पेन आणि पाकीट, म्हणजे गोळ्यांचं. ते डोकं दुखायच्या आत गोळी घेतात, दुखू नये म्हणून. मेडिकलवाला त्यांना लांबून बघूनच हात मागच्या फळीकडे नेतो. मी त्यांना हे सगळं सांगितलं. काकांनी लक्ष देऊन ऐकलं, ‘डोकं उठवलंस’ म्हणाले आणि एक गोळी घेतली.

केशकर्तनालयात मान कडाडून मोडून घेण्यावरही बाईंनी बंदी घातली. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. त्याऐवजी दिली जेकबसन पद्धत. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांचं यावरचं पुस्तक १९२९ सालचं. पाठीवर पडायचं, एकेक स्नायू आधी घट्ट आवळायचा आणि मग सोडून द्यायचा, म्हणजे आवळलेलं आणि सुटलेलं यांतला फरक शरीराला उमगतो. मुठी, दंड, खांदे असं करत चेहऱ्यापर्यंत आलं की डोळे गच्च मिटायचे, कपाळाला आठ्या, दात किंचित दाबून ओठ ताणायचे. नेमकी तेव्हा आई खोलीत आली. ‘फिट आली गं ह्याला, कांदा फोड!’ हा पुकारा वरच्या मजल्यापर्यंत गेला. दादा चवड्यांवर धावत खाली आला. माझ्या नाकाशी कांदा, तोंडावर पाणी, आणि मी ‘रिलॅक्सेशन, रिलॅक्सेशन’ म्हणून ओरडतोय. मला जी थोडीफार प्रतिष्ठा आयुष्यात मिळाली, ती त्या पाच मिनिटांत. व्यायाम मात्र खरंच गुणकारी आहे. मी आता तो दाराला कडी लावून करतो.

सर्वांत शेवटी बाईंनी वही ठेवायला सांगितली. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, तीव्रता शून्य ते दहा, झोप, जेवण, गोळी, शेरा. हिशोबनीस माणसाला याहून गोड औषध नाही. मी पट्टीने रकाने आखले, समास सोडला आणि नोंदी चालू केल्या. पानं भरली तसे धागेदोरे दिसू लागले. रविवार होताच, संकष्टी होती, मार्चचा शेवटचा आठवडा होता. आणि सर्वांत वर आमच्या इमारतीच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा. तिथे तर डोकं मीटिंगच्या आधीच, ग्रुपवर नोटीस पडल्याच्या मिनिटाला सुरू झालेलं.

वही घेऊन आम्ही पुन्हा बाईंकडे गेलो. बाईंनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘हे लाल शाईत कोणी लिहिलंय?’

मी वाकून पाहिलं. माझ्या निळ्या नोंदींवर हिने लाल बॉलपेनाने रीतसर ऑडिट केलं होतं. तीव्रतेच्या रकान्यातला माझा आठ खोडून तीन. शेरा : ‘मटकीची उसळ दोनदा घेतली.’ पुढे नऊ खोडून चार : ‘मॅच बघितली. ओरडले.’ सात खोडून दोन : ‘माझ्या भावाचा फोन आल्यावर सुरू झालं. फोन ठेवल्यावर थांबलं.’ एका रविवारचा सहा मात्र तसाच ठेवला होता. तिथे शेरा : ‘आज खरंच दुखत होतं. बोलले नाहीत.’

बाईंनी सगळी पानं वाचली. मग मला म्हणाल्या, ‘व्याख्येत सौम्य ते मध्यम असं आहे. तुमचे आकडे बसत नाहीत त्यात. ह्यांचे बसतात.’ आणि पुढच्या महिन्याची वही थेट हिच्या हातात दिली.